घरबसल्या संगीतमहोत्सव

आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढे बसून दूरचित्रवाणीच्या गुणदोषांविषयी बोलायचे, म्हणजे शेजारणीच्या आमटीत मीठ किती पडले ते आपल्या ओट्यावरून सांगण्यासारखे आहे. पण हा विषय मी आपण होऊन अंगावर घेतलेला नाही. आमच्या गावच्या यात्रा कमिटीने तो माझ्या गळ्यात घातला.

आमचे गाव कऱ्हाडच्या पश्चिमेचे. चैत्रात ग्रामदैवताची यात्रा भरते. पहिल्या रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्या, आणि पालखी देवळात परतली की तिसऱ्या रात्री गाणे. ही गाण्याची हौस गावाला माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची आहे. कोणी बुवा, कोणी बाई बाहेरून बोलवायची. देवळापुढे चौक्या जोडून त्यांवर जाजम अंथरायचे. आणि लोकांनी घरून पोते, घोंगडी, जे हाती लागेल ते आणून आभाळाखाली बसायचे. आधी एखादा राग, मग नाट्यपदे, अभंग, आणि शेवटी भैरवी. रागाचे नाव ओळखणारे गावात चारपाच जण. बाकीचे नुसते ऐकणारे. पण ऐकणारे चांगले आहेत हो. बुवा बेसूर झाले तर नाव सांगता येत नाही, पण माणसे तंबाखू मळायला लागतात.

गेल्या फाल्गुनात कमिटीची बैठक भरली. माझा एक पुतण्या तालुक्याच्या गावी मोबाईलचे दुकान चालवतो. तो उठून म्हणाला, "बुवांची बिदागी, साथीदार, गाडीभाडे, कर्णे, सगळे धरून जो पैसा जातो, त्याच्या निम्म्यात मोठा एलईडीचा पडदा भाड्याने मिळतो. पडद्यावर जगातला वाटेल तो महोत्सव लावू. जे बघायला आपण जन्मात जाणार नाही, ते देवळापुढे बसून दिसेल. आणि पुढच्या वर्षी तेही नको. घरोघर मोबाईलवरच पाठवू. नानीला चार वर्षांत देवळापर्यंत येता आलेले नाही, तिलाही बघता येईल." नानी म्हणजे माझी थोरली चुलती. चार वर्षांमागे पडली, खुबा मोडला, तेव्हापासून ती आणि तिची खाट. घर मात्र देवळापासून तिसरे.

नानीचे नाव निघाल्यावर बैठक गप्प झाली. अध्यक्ष म्हणाले, "प्राध्यापकांना विचारू. ते सांगतील तसे करू."

मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, आणि त्या पंधरा दिवसांत रोज रात्री जेवण झाल्यावर उघड्यावरचे संगीतमहोत्सव पडद्यावर पाहिले. काय पाहिले ते आता सांगतो.

सुरुवात केली ती सर्वांत गाजलेल्या महोत्सवापासून. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे खेडे आहे. तिथे मायकेल ईव्हिस या दूधवाल्या शेतकऱ्याने १९७० च्या सप्टेंबरात आपल्या शेतावर गाण्याचा जलसा केला. तिकीट एक पौंड, आणि त्यात गोठ्यातले दूध फुकट. माणसे आली सुमारे दीड हजार. आज त्याला ग्लास्टनबरीचा महोत्सव म्हणतात. जूनच्या अखेरीस पाच दिवस चालतो आणि दोन लाखांवर माणसे त्या शेतात तंबू ठोकून राहतात. शेत अजूनही दुधाच्या गायींचेच. महोत्सव चालू असतो तेव्हा गायी गोठ्यात, आणि माणसे गेल्यावर ट्रॅक्टरला लोहचुंबक लावून जमिनीतल्या तंबूच्या खुंट्या वेचून काढतात. गाईच्या पोटात खिळा गेला तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. दर काही वर्षांनी कुरणाला विसावा म्हणून महोत्सवच होत नाही. २०१८ साली झाला नाही, २०२६ हेही विसाव्याचेच वर्ष ठरवले गेले. एवढ्या मोठ्या धंद्यात जमिनीला खांडणी मिळते, ही गोष्ट मला गाण्याइतकीच आवडली.

बीबीसी १९९७ पासून हा महोत्सव दूरचित्रवाणीवर दाखवीत आली आहे. त्यांचे पुरे प्रक्षेपण त्यांच्या देशात. आपल्याकडे पोचतात ते मुख्यतः तुकडे. एकेक गाणे, चार मिनिटांचे, पाच मिनिटांचे. चित्रण असे स्वच्छ, की वादकाच्या बोटावरचा घामाचा थेंब मोजावा. पण अर्ध्या तासात माझे डोळे शिणले. गायक दिसतो न दिसतो तोच वरून गर्दी दिसते, गर्दीवरून झेंडे, झेंड्यांवरून पुन्हा गिटार. कोणी तरी आपली मान धरून सारखी फिरवतो आहे असे वाटते. मैदानात बसलेला माणूस कुठे पाहायचे ते स्वतः ठरवतो. कंटाळला तर चंद्राकडे पाहतो. इथे चंद्रही दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी दिसतो.

आणि काय दाखवायचे ते नेहमी दाखवणाऱ्याच्याही हातात नसते. २००० साली डेव्हिड बोवी हा मोठा गायक ग्लास्टनबरीला गायला. त्याने त्यातली थोडीच गाणी दूरचित्रवाणीवर दाखवू दिली. मैदानातल्या माणसांनी सबंध कार्यक्रम ऐकला. दूरचित्रवाणीवर तो सबंध दाखवला गेला २०२० साली, म्हणजे वीस वर्षांनी. बोवी २०१६ सालीच वारला होता.

आता आपल्या एका माणसाची गोष्ट. १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जत्रेच्या मैदानावर तीन दिवसांचा महोत्सव झाला. रविवारची दुपार त्यांनी पंडित रविशंकरांना दिली होती, तबल्याला उस्ताद अल्लारखा. पेनेबेकर नावाच्या दिग्दर्शकाने त्याचे चित्रण केले. मूळ बेत दूरचित्रवाणीसाठी होता. पण त्या कंपनीने पुढे ते नाकारले आणि १९६८ साली त्याचा बोलपट झाला. रविशंकरांचे वादन चित्रपटाच्या शेवटी आहे. सतार ऐकू येऊ लागते, पण सतारिया दिसत नाही. बराच वेळ नुसती माणसे दिसतात: कोणी आडवा पडलेला, कोणी डोळे मिटून बसलेली, कोणी फुले घेऊन फिरणारे. मग कुठे रविशंकर दिसतात. जे वादन प्रत्यक्षात काही तास चालले, त्यातले सुमारे पाव तास पडद्यावर आहे. तरीही, श्रोतेहो, मी तो पाव तास दोनदा पाहिला. कारण चित्रण करणाराच तिथे ऐकत बसला होता, हे त्या चित्रात दिसते. घाई नाही. लय वाढते तशी चित्राची लय वाढते. गत संपते आणि माणसे उभी राहतात.

याच रविशंकरांनी दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, वुडस्टॉकच्या प्रचंड महोत्सवात भर पावसात वाजवले. तिथल्या चिखलात बसलेली माणसे पाहून आपल्याकडच्या डबक्यात बसणाऱ्या म्हशी आठवल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्या महोत्सवाचा बोलपट १९७० साली निघाला आणि जगभर गाजला. त्यात रविशंकर नाहीत. बोलपटावरच विसंबणाऱ्याला त्या रात्री तिथे सतार वाजली हे कळायचेच नाही.

एवढे पाहून झाल्यावर माझे मत जवळजवळ ठरले होते, की पडदा नको. आणि तेवढ्यात मला तिरुवय्यारू सापडले.

तंजावरपासून दहा-बारा किलोमीटरवर कावेरीच्या काठी हे गाव आहे. संत त्यागराज तिथे राहिले आणि १८४७ साली तिथेच वारले. त्यांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे वंशज होते, म्हणजे आपल्याच भोसल्यांची शाखा. राजाने दरबारात गायला बोलावले आणि त्यागराजांनी नकार दिला, अशी परंपरागत कथा सांगतात. मुलूख तमिळ, राजे मराठी, आणि त्यागराजांची पदे बहुतेक तेलुगू. या तंजावरात आपले मराठी कीर्तनही गेले आणि तिकडच्या हरिकथेने त्यातून पुष्कळ घेतले. तेव्हा तिरुवय्यारू आपल्याला अगदीच परके नाही.

त्यागराजांच्या पुण्यतिथीला, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे पौष वद्य पंचमीला, समाधीपुढच्या मांडवात दक्षिणेतले शेकडो गायक-वादक जमतात आणि त्यांच्या पाच मोठ्या रचना सगळे मिळून गातात. यांना पंचरत्न कीर्तने म्हणतात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री असे पाच राग. पहिले पद संस्कृतात, पुढची चार तेलुगूत. सकाळी नऊच्या सुमारास आरंभ होतो, तासाभरात पाचही होतात. दूरदर्शन आणि आकाशवाणी हा सोहळा तिथून थेट देतात. मी पाहिले ते जुन्या वर्षांचे मुद्रण.

समोरासमोर बसलेल्या रांगा. एकीकडे स्त्रिया, एकीकडे पुरुष. ज्यांच्या नावावर एरवी सभागृहे भरतात ती माणसे खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसलेली. त्यांच्यामागे शिकाऊ पोरे. निवेदक सारखा मध्ये बोलत नाही. चित्राला घाई करायचे कारणच नाही, कारण सगळे एकच गात आहेत. कुठेही पाहा, गाणे तेच. एक म्हातारे गवई मध्येच ओळ विसरले, शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहिले, आणि पुढच्या आवर्तनात मिळाले. हे मला मांडवात शेवटच्या रांगेत बसून कधी दिसले नसते. आणि हे सांगायला संकोच वाटतो, पण खरे आहे: आकाशवाणीवरही दिसले नसते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. ही पाचही कीर्तने आदितालात आहेत, आठ मात्रांच्या. सगळे जण मांडीवर हाताने ताल धरतात. एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटे क्रमाने. मग टाळी आणि हात उताणा, पुन्हा टाळी आणि हात उताणा. झाल्या आठ मात्रा. पडद्यावर शेकडो हात हे एकदम करताना दिसतात. चौथीतली मुले पाच मिनिटांत शिकतील. माझ्या मुलीने जेवता जेवता शिकून घेतले आणि आमटीत हात उताणा केला.

पण पडदा जे दाखवत नाही तेही सांगितले पाहिजे. त्या रांगांतल्या स्त्रियांकडे पाहताना असे वाटते की त्या तिथे पहिल्यापासून बसत आल्या आहेत. तसे नाही. पूर्वी त्या उत्सवात स्त्रियांना गायला बंदी होती. बंगळूर नागरत्नम्मा ही मोठी गायिका, देवदासी कुळातली. तिला १९२१ च्या सुमारास कळले की त्यागराजांची समाधी ओसाड पडली आहे. तिने स्वतःच्या पैशाने जागा घेतली, मंदिर बांधले, आणि तिथे मूर्तीची प्रतिष्ठा केली. इतके करूनही उत्सवात तिला गाता येईना, तेव्हा तिने स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला. १९४० च्या सुमारास सगळे तट एक झाले. १९५२ साली ती वारली. तिची समाधीही तिथेच आहे, त्यागराजांकडे तोंड करून. कॅमेरा त्या मूर्तीवरून क्षणभर जाईलही, पण ही कोण ते मुलांना गुरुजींनी किंवा बाईंनीच सांगायला हवे.

मग ग्लास्टनबरीने शिणलेले डोळे तिरुवय्यारूला का शिणले नाहीत? मी याचा विचार करीत होतो, आणि मला पुण्याची एक पहाट आठवली.

महाविद्यालयात शिकत असताना मी सवाई गंधर्व महोत्सवाला जात असे. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव, तेव्हा रमणबागेच्या मैदानावर होई. डिसेंबरची थंडी, अंगावर आईची शाल, खिशात शेंगदाणे. पुढे ध्वनिवर्धकाचे नियम कडक झाले आणि रात्र लवकर संपू लागली; त्या वेळी मात्र शेवटच्या सत्राला उजाडायचे. समारोप कसा होतो, ठाऊक आहे? सगळे कलावंत गाऊन झाल्यावर सवाई गंधर्वांची जुनी भैरवीतली ठुमरी लावतात. ध्वनिमुद्रिका हो, तबकडीवरची. गाणारा १९५२ साली वारलेला. आवाजात खरखर. काही दिवस प्रत्यक्ष गाणे ऐकलेली माणसे शेवटी यंत्रातला आवाज ऐकतात, आणि त्या पहाटे आमच्या रांगेतले एकही माणूस उठले नव्हते.

तेव्हा यंत्रातून आलेले गाणे खोटे, असे मला म्हणवेना. ती ठुमरी सबंध वाजते, कोणी मध्येच तोडत नाही. ती ऐकायला माणसे एकत्र बसलेली असतात. आणि ती का लावली आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. तिरुवय्यारूच्या त्या तासात या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून तो पाहण्यासारखा. चार मिनिटांच्या तुकड्यांत यांतली एकही नाही; आणि एकेकट्याच्या हातातल्या मोबाईलवर तर दुसरी असूच शकत नाही. पुतण्याच्या "घरोघर पाठवू" याला माझा विरोध होता तो इथे.

पंधरा दिवसांनी बैठकीत मी हे सगळे सांगितले. थोडक्यात सांगितले, प्राध्यापक थोडक्यात बोलू शकतो हे पाहून लोकांना आश्चर्य वाटले. म्हटले, पडदा जरूर आणा, पण यात्रेत नको. पौष वद्य पंचमीला शाळेत आणा, एक तास. मुले बसतील, आयाबाया बसतील, हेडमास्तर आधी नागरत्नम्मेची गोष्ट सांगतील. भाड्याचे माझ्याकडे लागले. यात्रेचे गाणे मात्र बंद करू नका. पडद्यावरच्या गवयाला आपण आवडलो की नाही ते कळत नाही. आपण तंबाखू मळायला लागलो तरी तो गातच राहतो. आपल्या कानांना जी सवय तीन पिढ्यांनी लागली, ती समोर माणूस बसला म्हणून लागली. एक वर्ष गाणे तुटले तर दुसऱ्या वर्षी पट्टी कोण देणार?

"ते सगळं खरं," अध्यक्ष म्हणाले, "पण पैसा?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर हेडमास्तरांनी काढले. शोभेच्या दारूवर गेल्या वर्षी किती जाळले ते त्यांनी वहीतून वाचून दाखवले. वाद झाला, दोघे रागाने उठून गेले. त्यांतला एक दारूगोळ्याचा ठेकेदारच होता. शेवटी दारू निम्मी करायची आणि गाणे ठेवायचे असे ठरले. नामवंत बुवा परवडले नाहीत. सांगलीकडची एक तरुण गायिका कमी बिदागीत यायला तयार झाली, पेटीला आमच्याच भजनी मंडळातला माणूस बसवला.

यात्रेच्या तिसऱ्या रात्री ती मुलगी गायली. बागेश्री गायली. सुरुवातीला जरा बिचकली होती, मग बसली. माणसे शंभरभर असतील. अकरानंतर साठ-सत्तर राहिली. माझा पुतण्या रुसला नव्हता. त्याने तिपाईवर मोबाईल लावून गाणे थेट घरी पाठवायची सोय केली होती, एकट्या नानीसाठी. तिच्या उशाशी त्याने दुसरा मोबाईल उभा करून ठेवला आणि शेजारी आपल्या धाकट्या बहिणीला बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानीला भेटायला गेलो. विचारले, "दिसलं का गाणं?"

"दिसलं की. पण बाबा, त्या डबड्यात ती मागनं गाती," नानी म्हणाली. "आधी खिडकीतनं ऐकू येतं, मग घटकाभरानं त्याच्यात तोंड हलतं. म्हटलं, पोरीचं तोंड बघून झालं, आता ते बंद कर आणि खिडकी उघड सगळी."